आधी कागदावर, मग तोंडाने: ग्राहकासोबत डिझाइन स्प्रिंट कसा चालवावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तुमची सहा जणांची डिझाइन आणि सॉफ्टवेअरची कंपनी आहे. कोल्हापूरच्या एका ग्राहकाला, जो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, त्याच्या डीलरांसाठी ऑर्डरचं ॲप हवंय. पण त्यात नेमकं काय असावं यावर त्यांच्यातच एकमत नाही. तुम्ही पाच दिवसांचा डिझाइन स्प्रिंट, म्हणजे काय बांधायचं ते बांधण्याआधीच एकत्र बसून ठरवायची आणि तपासायची कार्यशाळा, सुचवलात, ते तयारही झाले. आता तुम्हाला तीन काळज्या आहेत. साहेबांसमोर त्यांची माणसं तोंड उघडत नाहीत, सलग पाच दिवस मिळतील असं दिसत नाही, आणि तुम्ही स्वतः आजवर स्प्रिंट चालवलेला नाही.

पहिली काळजी सगळ्यांत मोठी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जेक नॅप या डिझाइनरने २०१० मध्ये गूगलमध्ये स्प्रिंटची ही पद्धत बसवायला घेतली आणि पुढे गूगल व्हेंचर्स या गूगलच्या गुंतवणूक कंपनीत तिला आजचा आकार आला. सोमवारी प्रश्नाचा नकाशा, मंगळवारी प्रत्येकाचं रेखाटन, बुधवारी निर्णय, गुरुवारी खोटा पण खरा वाटेल असा नमुना, आणि शुक्रवारी पाच खऱ्या वापरकर्त्यांसमोर त्याची चाचणी. नुसतं वेळापत्रक वाचलं की वाटतं, ही घाईघाईने कल्पना काढण्याची शर्यत असावी. प्रत्यक्षात मोठ्याने कल्पना सुचवत बसण्याला या पाच दिवसांत जवळजवळ जागाच नाही. सगळे एका खोलीत असतात, पण महत्त्वाचं काम प्रत्येक जण गप्प बसून, आपापल्या कागदावर करतो. आपल्याकडच्या कचेऱ्यांना ही पद्धत इतकी चपखल का बसते, त्याचं कारण मला यातच दिसतं. आपल्या माणसांना कळत नाही असं नाही, ती घाबरट असतात असंही नाही. मोठ्यांच्या पुढे बोलायचं नाही ही अदब आहे, आणि ती एका आठवड्यात मोडायला जाऊ नये. "मोकळेपणाने बोला" असं दहा वेळा सांगून कुणी बोलत नाही. त्याच माणसाला कागद द्या, वीस मिनिटं द्या, कागदावर नाव लिहू नका म्हणून सांगा. तो भरभरून लिहितो.

माझ्या कामातलं एक उदाहरण सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष निर्यातदार कंपनीसाठी मी स्प्रिंट चालवला. युरोपला द्राक्षं पाठवायची तर बाग अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीत नोंदलेली लागते, काढणीआधी द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला तर त्या बागेचा माल युरोपला जात नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या, म्हणजे बागाईतदारांच्या भाषेत लिहोसिनच्या, अंशांमुळे आपले कंटेनर युरोपात अडकले. तो हंगाम नाशिककडचं कुणी विसरलेलं नाही. प्रत्येक औषधाचा पीएचआय ठरलेला असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस मोकळे ठेवायचे ते. काहींचा आठवडाभराचा, काहींचा दीड-दोन महिन्यांचा. त्यामुळे कोणत्या दिवशी काय फवारलं याची नोंद हवीच. या कंपनीने त्यासाठी आधी एक ॲप करून घेतलं होतं. शेतकऱ्यांनी ते फोनवर घेतलं आणि हंगामात कुणी उघडलं नाही. आमच्याकडे येताना मागणी एका वाक्याची होती: "हेच ॲप सोपं करून द्या."

"सोपं ॲप" हा प्रश्न नव्हे, ते उत्तर झालं. ग्राहक बहुतेक वेळा उत्तर घेऊनच येतो आणि त्यात त्याची चूक नसते. त्याने त्या दुखण्यावर महिनोन्‌महिने विचार केलेला असतो. मी अशा वेळी एकच विचारतो: "समजा, ॲप झालं. पुढच्या हंगामात तुम्हाला काय वेगळं दिसेल?" अण्णा, म्हणजे कंपनीचे मालक, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नमुना फेल झाल्याचं मला लॅबकडून कळतं. ते त्याआधी कळायला पाहिजे." बस. स्प्रिंटचा प्रश्न तिथे मिळाला: चुकीची फवारणी होण्याआधी ती आपल्याला कशी कळेल? ॲप हा शब्द त्यात नाही, आणि तो नसणंच गरजेचं होतं. तुमच्या कोल्हापूरच्या ग्राहकाशी ही बैठक सोमवारच्या किमान दहा दिवस आधी करा. प्रश्न हाती न लागता स्प्रिंटला बसलात तर सोमवार त्यातच जाईल आणि पुढचे चारही दिवस एक पाऊल मागे राहतील.

आता माणसं. सातपेक्षा जास्त घेऊ नका. आठवा माणूस आला की दोघे श्रोते होतात. अण्णांनी दिलेल्या यादीत ते स्वतः, त्यांचा मुलगा, आयटी बघणारे गृहस्थ, मार्केटिंगचे दोघं आणि हिशेबनीस होते. बागेवर जाणारं एकही नाव नव्हतं. मी दोन मार्केटिंगवाले आणि हिशेबनीस वगळून तीन नावं मागितली: मोटरसायकलवर रोज बागा फिरणारा फील्ड ऑफिसर, पॅकहाउसच्या, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरतात तिथल्या, सुपरवायझर बाई, आणि लॅबचे रिपोर्ट सांभाळणाऱ्या मॅडम. अण्णांचं उत्तर होतं, "तो पोरगा बागेवर पाहिजे, खोलीत बसवून काय करू?" हे उत्तर तुम्हालाही मिळणार आहे. ज्याला सोडता येत नाही तोच माणूस खोलीत हवा असतो. मी तारीख बदलली, माणूस बदलला नाही.

तुमची दुसरी काळजी इथेच येते. पाच दिवस मिळत नाहीत, याचं कारण बहुतेकदा आपण ते भलत्या वेळी मागतो. द्राक्षवाल्यांना फळछाटणी सुरू झाल्यापासून काढणी होईपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. आम्ही ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरला आणि सगळे आले. तुमच्या ग्राहकाचे डीलर शेतीच्या हंगामावर चालतात. पेरणी-मशागतीचा मोसम टाळा, दिवाळी-दसरा टाळा, मार्चअखेर तर विचारूच नका. एवढं करूनही पाच दिवस जमत नसतील तर गुरुवारी ग्राहकाच्या माणसांना सोडून द्या. त्या दिवशी नमुना तुमचीच माणसं बांधणार आहेत. मजकूर तपासायला त्यांच्यातलं एक माणूस फोनवर मिळालं तरी पुरतं. मालकांना सगळं जमत नसेल तर सोमवारची सकाळ, बुधवारचा पूर्ण दिवस आणि शुक्रवार एवढं तरी मागून घ्या. शुक्रवार मात्र कुणासाठीही कापू नका. "चाचणी पुढच्या महिन्यात करू" असं ठरलेली चाचणी झालेली मी पाहिलेली नाही.

आणि निर्णय कोणाचा, हे आधी लिहून घ्या. हे मी ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीच्या काळात एका कौटुंबिक व्यवसायासाठी आम्ही स्प्रिंट केला. खोलीत धाकटे भाऊ होते. त्यांनी बुधवारी निर्णय घेतला, गुरुवारी आम्ही रात्री अकरापर्यंत बसून नमुना बांधला, शुक्रवारी चाचणी उत्तम झाली. सोमवारी थोरल्या भावांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हे कोणी ठरवलं?" आठवडाभराचं काम तिथेच थांबलं. तेव्हापासून प्रस्तावातच एक ओळ असते: "अंतिम निर्णय अमुक व्यक्तीचा राहील आणि बुधवारी ती व्यक्ती खोलीत हजर असेल." त्या रिकाम्या जागेत नाव भरून येईपर्यंत मी तारीख देत नाही. वडील-मुलगा, दोन भाऊ, मालक आणि सीए असा कुठलाही जोड दिसला की हे आधी विचाराच.

सोमवारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डावीकडे माणसं, उजवीकडे जे घडायला हवं ते, आणि मधल्या टप्प्यांना जोडणाऱ्या दहा-बारा चौकटी. फळ्यावर एवढाच नकाशा. मग प्रत्येक जाणकाराला वीसेक मिनिटं बोलू द्यायचं आणि ऐकणाऱ्यांनी चिकटचिठ्ठ्यांवर "आपल्याला कसं करता येईल" या धर्तीवर प्रश्न लिहायचे. एक गोष्ट आवर्जून सांगतो: चिठ्ठ्या मराठीत लिहू द्या. पहिल्या दोन-तीन स्प्रिंटमध्ये मी सगळं इंग्रजीत चालवलं. चिठ्ठ्यांवर दोन-दोन शब्द यायचे, तेही एकमेकांचे बघून लिहिलेले. दिंडोरीला पॅकहाउसच्या बाईंनी लिहिलं होतं, "गाडी दारात आल्यावर कळण्यापेक्षा तोड लागायच्या आदल्या दिवशी कसं कळेल?" हे वाक्य त्यांना इंग्रजीत लिहावं लागलं असतं तर त्यांनी "बेटर कम्युनिकेशन" लिहून सोडून दिलं असतं.

मंगळवार हा माझ्या मते स्प्रिंटचा गाभा. सकाळी इतरांनी असेच प्रश्न कसे सोडवलेत ते थोडक्यात पाहायचं. ते आपल्याच धंद्यातले असावेत असं काही नाही. आम्ही औषधाच्या पाकिटावरची एक्स्पायरी, गॅस सिलिंडरचं बुकिंग आणि दूध डेअरीचं कार्ड पाहिलं. मग रेखाटनं. आधी वीस मिनिटं भिंतीवरच्या नोंदी बघत टिपणं, मग वीस मिनिटं कच्च्या आकृत्या, मग घड्या घालून आठ चौकटी केलेला कागद आणि आठ मिनिटांत एकाच कल्पनेच्या आठ तऱ्हा, आणि शेवटी तासभर घेऊन तीन चौकटींत नीट मांडलेला उपाय. नाव लिहायचं नाही. चित्रकला यायला नको. काड्यांची माणसं आणि चौकोन पुरतात. पण शब्द मात्र खरे लिहायचे. "इथे मजकूर येईल" असं चालणार नाही.

दुपारी तीनच्या सुमाराची गोष्ट. अण्णांचा मुलगा आणि आयटीवाले झपाझप मोबाइलचे पडदे काढत होते. फील्ड ऑफिसरचा कागद कोराच होता. मी शेजारी बसलो आणि हळूच विचारलं, "शेवटच्या बागेवर गेलात तेव्हा फवारणी कुठे लिहिलेली होती?" तो म्हणाला, "कालनिर्णयवर. मोटरच्या खोलीत." मी म्हटलं, "मग तेच काढा." त्याने आधी कॅलेंडर काढलं, खिळ्यासकट. तारखेच्या चौकोनात औषधाचं अर्धवट नाव. त्याखाली फोन काढला, फोनवर औषधाच्या डब्याचा फोटो. आणि तिसऱ्या चौकटीत व्हॉट्सॲपवर आलेलं उत्तर, त्याच्याच अक्षरात: "हे मारलं तर २४ जानेवारीच्या आधी तोड नाही. तुमची तोड १० जानेवारीला धरली आहे. मारू नका, आधी फोन करा." ॲप नाही, फॉर्म नाही, पासवर्ड नाही. शेतकरी जे तसंही करू शकतो तेवढंच: डब्याचा फोटो काढणं. अख्ख्या सोमवारी हा माणूस दोन वाक्यं बोलला होता.

बुधवारी सगळी रेखाटनं भिंतीवर लागतात. पुढचा क्रम मी कधीही बदलत नाही. आधी सगळ्यांनी गप्प राहून बघायचं आणि आवडलेल्या भागावर छोटे गोल ठिपके चिकटवायचे, हवे तितके. मग प्रत्येक रेखाटनावर तीन मिनिटं चर्चा; चालवणारा ते समजावून सांगतो, ज्याने काढलं तो शेवटपर्यंत गप्प. मग प्रत्येकाचं एक मत, कागदावर आधी लिहून, सगळ्यांनी एकदम लावायचं. आणि सगळ्यांत शेवटी निर्णय घेणाऱ्याचं मत, जे बाकी सर्वांच्या मतांपेक्षा वरचढ ठरतं. हा क्रम चुकून अण्णांनी आधी बोट ठेवलं असतं तर उरलेली सगळी मतं त्याच कागदावर गेली असती. तसं झालं नाही. कॅलेंडरच्या चित्राभोवती ठिपक्यांचा पुंजका जमला होता, आणि अण्णांनी आपलं मत तिथे लावल्यावर विचारलं, "कोणी काढलंय हे?" फील्ड ऑफिसर उभा राहिला. त्या खोलीतला तो क्षण मला अजून दिसतो. मालकाला लोकशाही पाळायला लावायची नसते. निर्णय त्याचाच राहतो. फक्त निर्णयाआधी त्याच्या डोळ्यांपुढे सगळं आलेलं असतं, आणि कोणाचं काय हे त्याला माहीत नसतं.

दुपारी उरलेला वेळ कथापटात जातो: शुक्रवारी समोरचा माणूस पहिल्यांदा काय पाहील, मग काय करेल, अशा दहा-पंधरा चौकटी. इथे सगळे थकलेले असतात आणि नव्या कल्पना शिरू पाहतात. त्या बाजूला लिहून ठेवा, पटात घेऊ नका.

गुरुवार तुमच्या हातचा आहे, तुम्ही डिझाइनर आहात, त्यावर मी काय सांगणार. एवढंच लक्षात ठेवा की नमुना म्हणजे देखावा. मागे काही चालायला नको. आम्ही एक नवं सिम घेतलं, त्यावर व्हॉट्सॲप सुरू केलं आणि फोटो आला की लॅबच्या मॅडम शेजारच्या खोलीतून हाताने उत्तर पाठवणार असं ठरवलं. एका ओळीचाही कोड नव्हता. उत्तरांचा मजकूर मात्र मॅडम आणि फील्ड ऑफिसर यांनी मिळून तीनदा लिहिला, कारण "प्रतीक्षा कालावधी" वाचून कुणी थांबत नाही, "२४ तारखेच्या आधी तोड नाही" वाचून थांबतो.

शुक्रवारी पाचच माणसं का, असं ग्राहक हमखास विचारतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेला हिशेब असा की साधारण एकसारख्या वापरकर्त्यांपैकी पाच जणांबरोबर चाचणी केली की वापरातल्या अडचणींपैकी सुमारे ८५ टक्के समोर येतात. त्यानंतर तेच तेच दिसू लागतं. "एकसारख्या" हा शब्द विसरू नका. शहरातला मोठा डीलर आणि खेड्यातला छोटा दुकानदार हे दोन वेगळे गट आहेत. तुमच्या स्प्रिंटमध्ये पाचही जण एकाच गटातले बोलवा आणि दुसरा गट पुढच्या वेळी घ्या. बाजारात किती जण विकत घेतील याचं उत्तर मात्र पाच माणसांतून मिळत नाही, तसं ग्राहकाला भासवूही नका.

चाचणी घेणारा माणूस ग्राहकाचा नको. शेतकऱ्यासमोर फील्ड ऑफिसर बसला असता तर शेतकऱ्याने प्रत्येक गोष्टीला "चांगलं आहे की" म्हटलं असतं. घरी आलेल्या माणसाचं मन मोडायचं नाही हा आपला स्वभाव. म्हणून "आवडलं का", "वापराल का" हे प्रश्न काढूनच टाका. त्याऐवजी घडलेलं विचारा. शेवटची फवारणी कधी केली? औषध कुठून आणलं? कुणाला विचारून? लिहिलं कुठे? मग नमुना हातात द्या आणि एक प्रसंग सांगा: "समजा डिसेंबरचा दुसरा आठवडा आहे, भुरी दिसतेय, हा डबा तुमच्यासमोर आहे." आणि गप्प बसा. ते गप्प बसणं अवघड जातं, पण त्यातच सगळं बाहेर येतं. बाकीची टीम दुसऱ्या खोलीत पडद्यावर बघते आणि चिठ्ठ्या लिहिते. आम्ही शेतकऱ्यांना पॅकहाउसवरच बोलावलं, कारण बागेवर व्हिडिओ कॉल टिकला नसता.

पहिल्या दोघांनी फोटो पाठवला, उत्तर वाचलं, समजलं. दुसऱ्या खोलीत सगळे खूश. तिसरे काका आले ते जोडीने. त्यांनी फोन हातात घेतला, डब्याकडे पाहिलं, आणि फोन बायकोकडे दिला. "वही हिच्याकडे असते." काकूंनी पिशवीतून खरंच वही काढली. तारीख, औषध, किती लिटर पाणी, टाक्या किती, मजूर कोण. ओळीने, तीन हंगामांचं. कंपनीच्या यादीत नोंदवलेला फोन नंबर काकांचा होता, आणि नोंद ठेवणारं माणूस वेगळं होतं. चौथ्याने आणखी एक गोष्ट दाखवली. उत्तर वाचून तो म्हणाला, "पण डबा तर मी आणला. दोन हजाराचा डबा आता ठेवून काय करू?" फोटो बागेत नाही, दुकानाच्या काउंटरवर काढायला हवा होता. पैसे गेल्यावर दिलेली सूचना कोण ऐकणार? पाचव्यानेही डबा आणून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही असंच सांगितलं.

म्हणजे मंगळवारचं रेखाटन बरोबर होतं आणि अपुरंही होतं, आणि ते आम्हाला एका आठवड्यात, एकही ओळ कोड न लिहिता कळलं. कंपनीने पुढे दोन कामं केली: नोंद ठेवणाऱ्या व्यक्तीचा नंबर बागेच्या नोंदीत वेगळा घेतला, आणि ज्या कृषी सेवा केंद्रांतून त्यांचे बागाईतदार माल उचलतात तिथल्या दुकानदारांना त्या व्हॉट्सॲप नंबरात सामील केलं. ॲप त्या वर्षी झालंच नाही. आमचं बिल त्यामुळे लहान झालं हे खरं, पण तोच ग्राहक पुढच्या वर्षी दुसरं काम घेऊन आला. स्प्रिंटचे पैसे वेगळे लावा, पुढच्या बांधकामात जमा धरू नका. पैसे जमा धरले की तुमच्या नकळत तुम्ही "काहीतरी बांधा" असाच निष्कर्ष शोधू लागता.

एक सावधगिरी. काय बांधायचं हे ग्राहकाला पक्कं ठाऊक असेल आणि त्याचा पुरावा असेल, तर स्प्रिंट करू नका, काम सुरू करा. मालकाने मनात निर्णय घेतलेला असेल आणि माणसांना फक्त सहभागाचं समाधान द्यायचं असेल, तरीही नको. माणसांना ते पहिल्या तासात कळतं, आणि पुढच्या वेळी ती कागदावरही लिहीत नाहीत.

तिसरी काळजी, तुम्ही आजवर केलेला नाही ही. आधी स्वतःच्या सहा जणांत दोन दिवसांचा छोटा स्प्रिंट करून बघा, तुमच्याच एखाद्या खऱ्या अडचणीवर. वेळ हातातल्या फोनवर लावू नका, सगळ्यांना दिसेल असं घड्याळ टेबलावर ठेवा. "वेळ संपली" हे घड्याळाने सांगितलेलं साहेबांनाही चालतं, तुम्ही सांगितलेलं चालेलच असं नाही. मराठीत नीट लिहिता येईल असे जाड पेन आणा. जेवण एकला, पाचला सुट्टी. सहानंतर घेतलेले निर्णय दुसऱ्या दिवशी बदलावे लागतात.

आणि उद्या सकाळी कोल्हापूरला एक फोन करा. डीलर आज ऑर्डर फोनवर देत असणार, आणि ते फोन घेणारं कुणीतरी त्या दुकानात असणार. कोणत्या डीलरला "ते मागच्या वेळचं बेअरिंग" म्हणजे काय हे त्या माणसाला पाठ असणार. त्याचं नाव विचारा. सातांच्या यादीत ते नसेल, तर तारीख पुढे ढकला आणि आधी त्याला मोकळं करून घ्या.